तंबोऱ्याच्या स्टँडचे सात कागद

आमच्या स्टँडचं डिझाइन रजिस्ट्रेशन फेब्रुवारीअखेर झालं. तेव्हापासून कुपवाड एमआयडीसीतल्या ओळखीच्या शेडवाल्यांचा एकच प्रश्न असतो, "वकील कोण लावलावता? घेतले किती?" वकील लावला नव्हता, आणि सरकारी फी एक हजार रुपये. खरा वेळ खाल्ला तो चित्रांनी. कॉम्प्युटरवर तयार असलेलं त्रिमितीय मॉडेल कागदावर सपाट करून द्यायचं, तेही सात बाजूंनी, आणि सातही कागदांचा एकमेकांशी मेळ बसला पाहिजे. प्रत्येकाला उभ्या उभ्या सांगत बसण्यापेक्षा क्रमानं लिहूनच टाकते.

पप्पांचं फॅब्रिकेशनचं शेड आहे. ग्रिल, गेट, बेदाण्याच्या शेडचे अँगल अशी आमची रोजची कामं. मी मेकॅनिकलचा डिप्लोमा करून तिथंच ड्रॉइंग आणि बिलं बघते. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, त्यानंतरच्या उन्हाळ्यात तिथले एक वाद्यं बनवणारे चाचा शेडवर आले. त्यांचं म्हणणं साधं होतं. परगावची गिऱ्हाइकं तंबोरा घेतात आणि घरी नेऊन भिंतीला टेकवून ठेवतात. बाजारात मिळतो तो गिटारचा स्टँड, त्यात तंबोऱ्याचा खालचा गोल भोपळा बसत नाही. शिवाय भोपळा शेतात पिकतो, साच्यातून निघत नाही. एकासारखा दुसरा कधीच नाही. म्हणजे थोडं लहानमोठं सामावून घेणारा आधार हवा.

जून-जुलैत पप्पांनी पाइप वाकवून वाकवून एक आकार बसवला. एकच सलग वळसा: पायापासून निघून भोपळ्याच्या खालून फिरून परत पायाला मिळतो. मागं १२ अंश कललेला दांडा, आणि त्याच्या टोकाला तंबोऱ्याच्या दांडीसाठी फेल्ट लावलेली बेचकी. दिसायला देखणा झाला होता. चाचा बराच वेळ त्याच्याभोवती फिरून बघत होते. मग म्हणाले, "बेटा, हे महिन्याभरात सगळीकडं दिसणार बघ." आमच्या एका बाकाचा नमुना पूर्वी असाच गावभर झाला होता, त्यामुळं पप्पा लगेच म्हणाले, "काय कागद करायचे ते कर."

कागद करायच्या आधी एक गोष्ट डोक्यात स्पष्ट पाहिजे. डिझाइन कायदा २००० चा आहे आणि तो फक्त दिसणं राखतो: आकार, घडण, नक्षी, रेषा-रंगांची मांडणी, म्हणजे डोळ्यांना जे कळतं तेवढंच. वस्तू चालते कशी, तिची यंत्रणा काय, हे त्यात येत नाही. त्यासाठी पेटंटचा वेगळा रस्ता आहे. संरक्षण १० वर्षांचं, पुढं ५ वर्षं वाढवता येतं. आणि अर्जाच्या आधी डिझाइन जगजाहीर झालेलं नको. चाचांनी त्याच दिवशी फोन काढून "स्टेटसला टाकू का?" म्हणून विचारलं होतं. नको म्हणून हात जोडले. विश्वासानं एखाद्याला दाखवलं तर कायदा ते जाहीर करणं धरत नाही, पण स्टेटस म्हणजे विश्वास नव्हे.

मग चित्रं. फोटोही चालतात, कॉम्प्युटरवरची चित्रंही चालतात. पहिल्यांदा फोटोच काढावेत असं वाटलं. पांढरी चादर लावली, शेडचं शटर अर्धं ओढलं, सगळा थाट केला. फोटो छान आले, पण समोरचा आणि मागचा शेजारी ठेवले की दोन वेगळ्या वस्तू वाटायला लागल्या. कॅमेऱ्याला जवळचं मोठं आणि लांबचं लहान दिसतं. समोरून पुढचा वळसा मोठा, मागून तोच लहान. मॉडेलमधून काढलेल्या चित्रात ही अडचण येत नाही, कारण तिथं समांतर प्रक्षेप घेता येतो: वस्तूच्या प्रत्येक बिंदूपासून कागदावर सरळ लंब टाकायचा. बघणारा अनंत अंतरावर उभा आहे असं धरायचं, मग जवळ-लांब हा प्रश्नच राहत नाही. समोरच्या आणि मागच्या दृश्याची बाह्यरेषा आरशातल्यासारखी तंतोतंत उलटी येते.

(ही पद्धत शास्त्रशुद्ध बसवली ती अठराव्या शतकात फ्रान्सच्या गास्पार मोंजनं, किल्ल्यांच्या आराखड्यांच्या निमित्तानं, आणि लष्करानं ती बरीच वर्षं गुपित ठेवली. आमचं गुपित अर्ज जाईपर्यंतचंच होतं.)

त्रिमितीय मॉडेल करायला मी फ्रीकॅड हे सॉफ्टवेअर वापरते. फुकट आहे, आणि १.० आवृत्तीपासून बऱ्यापैकी स्थिर झालंय. मॉडेल करायला त्रास झाला नाही. वळशाचा मध्य-मार्ग काढायचा, त्यावरून पाइपचं वर्तुळ सरकवायचं, अर्धा भाग आरशात उलटा करायचा. इथं एक मात्र सांभाळा. वस्तूची समोरची बाजू सॉफ्टवेअरच्या समोरच्या प्रतलाला अचूक समांतर ठेवूनच मॉडेल सुरू करा. नंतर हातानं फिरवून "आता सरळ दिसतंय" म्हणून प्रक्षेप घेतला, तर अर्ध्या अंशाच्या फरकानंही डावा-उजवा भाग सारखा येत नाही.

मॉडेल सपाट करायला फ्रीकॅडमध्ये दोन वाटा आहेत. ड्राफ्ट वर्कबेंचमधलं (वर्कबेंच म्हणजे एकेका कामाच्या साधनांचा गट) शेप टूडी व्ह्यू आकाराची सपाट प्रत तिथंच मॉडेलच्या जागेत देतं. लेझर कटिंगला बाह्यरेषा पाठवायची असेल तर ते बरं. कागद करायचे असतील तर टेकड्रॉ हा दुसरा वर्कबेंच. टेकड्रॉमध्ये ए४ चं उभं पान घ्यायचं, वस्तू निवडायची, दृश्य टाकायचं आणि 'डायरेक्शन'मध्ये कुठून बघायचं ते सांगायचं. ऑटोकॅडवाल्यांनी फ्लॅटशॉट कमांड बघावी. स्केचअपवाल्यांनी कॅमेरा मेनूत जाऊन पॅरलल प्रोजेक्शन करावं. ते केलं नाही तर 'फ्रंट' बटण दाबूनही चित्र कॅमेऱ्यासारखंच येतं.

पहिलं समोरचं दृश्य आलं आणि मी बघतच राहिले. गोल पाइपच्या लांबीभर एक रेघ, वळशाच्या प्रत्येक जोडावर आडव्या रेघा, पायाच्या गोलाईजवळ दोन दोन समांतर रेघा. खऱ्या स्टँडवर यातलं काहीच नाही, तिथं पावडर कोटिंगचा एकसलग काळा रंग.

या रेघा येतात कुठून? सॉफ्टवेअर गोल पाइप म्हणजे एक पत्रा गुंडाळून कडेला कड लावलेली वस्तू समजतं. जिथं कड मिळते तिथं त्याच्या हिशेबी रेघ असते. तिला सीम म्हणतात. गोलाई सपाट भागाला जिथं अलगद मिळते तिथली रेघ म्हणजे स्मूथ. दोन्ही गणिताच्या रेघा आहेत, वस्तूच्या नाहीत. दृश्याच्या गुणधर्मांत स्मूथ, सीम आणि हिडन असे पर्याय सापडतात, ते बंद करायचे. वर्कशॉपच्या ड्रॉइंगला मागची लपलेली कड तुटक रेघेनं दाखवायची सवय आपल्याला कॉलेजात लागलेली असते. इथं मात्र डोळ्याला दिसतं तेवढंच. मापं नाहीत, मध्यरेषा नाहीत, भागांना अ-ब-क नाही, छेदाचं रेखाटन नाही.

पण सगळं डोळे झाकून बंदही करता येत नाही. बेचकीच्या टोकाशी पाइप चपटा होत जातो, आणि तो उतार फक्त एका स्मूथ रेघेनंच कळत होता. ती गेली की टोक नुसतं कापल्यासारखं दिसायचं. शेवटी मॉडेलमध्येच तिथली गोलाई काढली आणि खऱ्या वस्तूवर हाताला लागते तशी बारीक कड ठेवली. कुठली रेघ वस्तूची आणि कुठली सॉफ्टवेअरची हे स्टँड शेजारी ठेवून, त्यावर बोट फिरवून ठरवायचं. स्क्रीनकडं बघून ठरत नाही.

वेळेचं सांगते. लपलेल्या रेघा काढून टाकायचं गणित जड असतं. आमच्या वळशासारख्या वाकड्या पृष्ठभागावर माझा जुना लॅपटॉप एकेका दृश्याला चहा होईपर्यंत घुमत बसायचा. 'कोर्स व्ह्यू' केलं की झटकन येतं, पण त्यात वक्ररेषेचे बारीक बारीक सरळ तुकडे होतात आणि मोठं करून बघितलं की कोपरे दिसतात. पानाची मांडणी जुळवताना कोर्स ठेवावं, शेवटी बंद करावं.

ऑगस्टच्या मध्यात पहिला पूर्ण संच छापून पप्पांसमोर ठेवला. तपासायची त्यांची पद्धत मला अजून आवडते. शेडच्या मोठ्या टेबलावर त्यांनी समोरचं दृश्य ठेवलं, त्याच्या बाजूला डावं, खाली वरचं, आणि लोखंडी गुण्या आणि स्टीलची पट्टी घेऊन बसले. समोरच्या चित्रात बेचकी जेवढ्या उंचीवर, बाजूच्यातही तेवढ्याच उंचीवर पाहिजे. समोरून पायाची रुंदी जेवढी, तेवढीच वरून. पट्टी आडवी सरकवत ते एकेक बिंदू ओळंब्यात आहे का बघत होते. मध्येच थांबले.

"दांडा किती कापलावता आपण?"

"नऊशे."

"मग हितं आठशे ऐंशी का भरतोय?"

सगळी चित्रं १:५ च्या प्रमाणात होती. कागदावर दांडा १८० मिलिमीटर भरायला हवा होता, भरत होता १७६. चूक नव्हती. दांडा १२ अंश मागं कललेला आहे, समोरून बघितलं की तो आखूडच दिसणार: ९०० गुणिले कोसाइन १२, म्हणजे ८८०. खरी लांबी फक्त बाजूच्या दृश्यात मिळते, कारण कल त्या कागदाला समांतर असतो. पप्पांनी बाजूचा कागद ओढला, पट्टी तिरकी लावली, १८० भरले. "मग बरोबर हाय," म्हणाले आणि पुढच्या कागदाला लागले. सातवा कागद, तिरकस कोनातून घेतलेलं दृश्य, त्यांनी मोजायला घेतला तेव्हा मीच थांबवलं. आयसोमेट्रिक प्रक्षेपात तिन्ही अक्षांवरची लांबी सुमारे ८२ टक्केच उतरते. तो कागद वस्तू ओळखायला असतो, मापायला नाही.

डावं-उजवं हा आणखी एक घोळ. आपल्याकडं आयटीआय-डिप्लोमाला प्रथम कोन पद्धत शिकवतात. त्यात डावीकडून दिसणारं दृश्य समोरच्या दृश्याच्या उजव्या बाजूला मांडतात आणि वरचं दृश्य खाली. तृतीय कोन पद्धतीत मांडणी याच्या उलट. टेकड्रॉच्या प्रोजेक्शन ग्रुपमध्ये, म्हणजे एकत्र मांडलेल्या दृश्यांच्या संचात, प्रथम की तृतीय कोन ते निवडता येतं. डिझाइनच्या अर्जात प्रत्येक आकृतीखाली दृश्याचं नाव लिहायचं असतं, त्यामुळं मी ग्रुपच्या भानगडीत न पडता सात सुटी दृश्यं सात पानांवर टाकली: समोर, मागे, डावे, उजवे, वर, खाली आणि तिरकस. आमचा स्टँड डावीकडून-उजवीकडून सारखाच आहे, तरी दोन्ही दिली. खालचं दृश्यसुद्धा. कोण बघणार तळ, असं वाटतं, पण द्या. आमच्या पायांचे रबरी गुट्टे तिथंच दिसतात.

कागदाची शिस्त अशी: ए४ आकार, आकृती उभ्या कागदाला धरून. वर डाव्या कोपऱ्यात अर्जदाराचं नाव, उजव्या कोपऱ्यात एकूण पानं आणि पान क्रमांक, खाली उजवीकडं नाव, सही, तारीख. पानावर एक वाक्य असतं: नावीन्य या वस्तूच्या आकारात आणि घडणीत आहे, आकृत्यांत दाखवल्याप्रमाणे. दुसरं वाक्य कुठल्याही यांत्रिक क्रियेवर किंवा बांधणीच्या तत्त्वावर हक्क सांगत नाही असं. अर्ज इंग्रजीत किंवा हिंदीत करायचा असतो. वस्तूचं नाव साधं ठेवावं. 'वाद्याचा स्टँड' एवढं पुरतं, जाहिरातीचं नाव नको. वस्तूंचे वर्ग लोकार्नो या आंतरराष्ट्रीय पद्धतीनं ठरतात, वाद्यांचा वर्ग १७ आहे. स्टँड म्हणजे स्वतः वाद्य नव्हे, म्हणून उपवर्ग मी 'इतर'मधला टाकला.

गणपतीच्या गडबडीत ऑनलाइन अर्जासाठी डिजिटल सहीचं टोकन करून घेतलं. पॅन, आधार, आणि मोबाइलवर स्वतःचा छोटा व्हिडिओ. मला दोन हजारांच्या आतबाहेर पडलं. हे दोन वर्षांसाठी घ्या, कार्यालयाच्या आक्षेपाला उत्तर पाठवताना परत लागतं. ऑनलाइन नको असेल तर मुंबईत अँटॉप हिलच्या बौद्धिक संपदा भवनात कागदावर अर्ज देता येतो. तपासणी सगळ्यांची कोलकात्यालाच होते. मुंबईचं जाऊन-येऊन तिकीट आणि बुडालेला दिवस बघता टोकन परवडतं.

१८ सप्टेंबरला फॉर्म १ भरला. व्यक्तीच्या नावानं किंवा लघुउद्योग म्हणून केला तर १,००० रुपये, मोठ्या कंपनीला ४,०००. पैसे भरल्यावर अर्ज क्रमांक आला. त्या दिवशी संध्याकाळी चाचांना फोन करून सांगितलं, आता टाका स्टेटस.

मग वाट बघणं. या काळात एक गोष्ट घडली ती मुद्दाम सांगते. दिवाळीनंतर चाचांनी बेचकी अर्धा इंच रुंद मागितली, कारण मोठ्या मर्दानी (पुरुष गायकांच्या) तंबोऱ्याची दांडी अडत होती. मी मॉडेलमध्ये बदल केला, आणि टेकड्रॉची पानं आपोआप बदलली. तो त्याचा गुणच आहे, मॉडेल बदललं की प्रक्षेप बदलतो. वर्कशॉपसाठी फार सोयीचं. पण अर्जात गेलेला आकार नंतर बदलता येत नाही. अर्ज पाठवल्या दिवशीच त्या फाइलची वेगळी प्रत करून, पानांचं 'कीप अपडेटेड' बंद करून, पेन ड्राइव्हवर टाकून ठेवली होती. हे कराच. जानेवारीत तीच प्रत उपयोगी आली.

कारण डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात ईमेलवर आक्षेपाचं पत्र आलं. पत्र उघडताना हात गार पडले होते, खोटं कशाला सांगू. पण आक्षेप म्हणजे नकार नव्हे. त्यात मुख्य मुद्दा एकच होता: आकृत्या अधिक स्पष्ट हव्यात, रेषा ठळक हव्यात. अर्जाच्या तारखेपासून सहा महिन्यांच्या आत आक्षेप दूर करायचे असतात, अर्ज करून तीन महिन्यांपर्यंत वाढवूनही मिळतात. माझ्याकडं मार्चच्या मध्यापर्यंत मुदत होती. मूळ प्रत उघडली, प्रत्येक दृश्याची रेषेची जाडी ०.७ मिलिमीटर केली, बाकी कशालाही हात लावला नाही. जुनं आणि नवं पान एकावर एक धरून खिडकीच्या उजेडात बघितलं, आकार तोच आहे ना म्हणून. सोबत एका पानाचं पत्र लिहिलं: मुद्दा क्रमांक, त्याचं उत्तर, बस्स. ९ जानेवारीला पाठवलं. उत्तराला वेगळी फी नाही.

फेब्रुवारीअखेर प्रमाणपत्र आलं. त्यावर तारीख मात्र १८ सप्टेंबरची आहे, कारण हक्क अर्जाच्या दिवसापासून धरतात. रुंद बेचकीचा स्टँड वेगळ्या अर्जानं द्यायचा का, हे अजून ठरायचंय. अर्ध्या इंचानं दिसण्यात फारसा फरक पडत नाही असं माझं मत, पप्पांचं वेगळं.

एक काम बहुतेक जण विसरतात. विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नगावर 'आरडी' किंवा 'रजिस्टर्ड' अशी खूण आणि नोंदणी क्रमांक घालायचा असतो. खूण नसली आणि कुणी नक्कल केली तर नुकसानभरपाई मागताना अडचण येते. आम्ही सांगलीतून तीन मिलिमीटरचा अक्षरांचा पंच सेट आणला, साडेचारशेला. आधी वेल्डिंगनंतर ठोकून बघितलं तर पाइप चेपला. आता मागच्या पायाला एक चपटी पट्टी जोडतो आणि पट्टीवर आधीच ठोकून घेतो. पावडर कोटिंगवाल्याला थर पातळ ठेवायला सांगावं लागतं, नाहीतर आकडे बुजतात.